चाकांवरील गृहस्थाश्रम

आमच्या अक्का यंदा ८१ वर्षांच्या झाल्या. त्यांच्या अमेरिकेंतील नातवाची कोणीं चौकशी केली म्हणजे गेलीं दोन-तीन वर्षें त्या एवढेंच उत्तर देत, "त्याचें विंचवाचें बिऱ्हाड; पाठीवर घेऊन हिंडतो." ह्या उत्तरांत विनोद थोडा व दुःख फार असे. ज्या घरांत चार पिढ्यांचे पाट एका पंक्तीस मांडले गेले, त्या घरच्या मुलानें वयाच्या २७ व्या वर्षीं राहती जागा सोडून मोटारीमागें ओढावयाच्या एका लांबट पेटींत संसार थाटावा, ही गोष्ट त्यांच्या मनास पटण्यासारखी नव्हती. म्हणून २०२४ च्या जानेवारींत माझें अमेरिकेस जाणें ठरलें तेव्हां त्यांनीं मजवर एक कामगिरी सोंपविली. "तूं जन्मभर पोरांना समजावीत आलास. ह्या एकाला समजाव आणि घर घ्यावयास लाव."

मी कामगिरी पत्करली. ती कितपत पार पडली तें शेवटीं सांगेन. तत्पूर्वीं हें फिरतें घर म्हणजे काय, त्यांत कोण राहतें व कसें राहतें, हें वाचकांस सांगणें अवश्य आहे. कारण असा एखादा नातू पुढेंमागें कोणाच्याहि घरांत निघूं शकेल, आणि माहितीवांचून केलेला उपदेश वायां जातो असा माझा शिक्षकीचा अनुभव आहे.

अमेरिकेंत ह्या वाहनांस 'आर्. व्ही.' ह्या आद्याक्षरांनीं ओळखतात. त्यांचे मुख्य प्रकार दोन. ज्यांत यंत्र व घर एकाच सांगाड्यावर असतें तें मोटारहोम. जें निराळ्या मोटारीनें ओढून नेतात तें ट्रेलर. कल्पना नवी नाहीं. १८८५ सालीं डॉ. गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या एका निवृत्त आरमारी वैद्यानें 'वाँडरर' नांवाची दोन घोड्यांची घरगाडी केवळ मौजेखातर बांधवून घेतली व तींतून इंग्लंडपासून स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. अमेरिकेंत मोटारी आल्यावर १९१९ सालीं फ्लॉरिडांतील टॅम्पा येथें अशा प्रवाशांचा 'टिन कॅन टूरिस्ट्स' हा संघ निघाला. परंतु घर मुळींच न ठेवतां बारमाही गाडींतच राहणें ही पुढची पायरी होय. असें राहणारांचा 'एस्केपीज' नांवाचा मोठा संघ १९७८ सालीं जो व के पीटरसन ह्या दांपत्यानें स्थापिला. पुष्कळ वर्षें हा सेवानिवृत्तांचा छंद समजला जाई. २०१५ च्या सुमारास त्याच संघास कमावत्या वयाच्या लोकांसाठीं एक निराळी शाखा काढावी लागली, ह्यावरून वारें कोणत्या दिशेस वाहूं लागलें होतें तें दिसतें. पुढें २०२० च्या साथींत कचेऱ्या बंद झाल्या, काम घरीं आलें, आणि काम घरीं करतां येतें तर घर एका जागीं कशास हवें, असा प्रश्न अनेक तरुणांस पडला.

आमच्या नातवाची गोष्ट अशीच आहे. तो संगणकाचें काम करतो, तें कोठूनहि होतें. पण मूळ विचार त्याचा नव्हे, नातसुनेचा. ती परिचारिका आहे. तिकडे रुग्णालयांत १३-१३ आठवड्यांच्या करारानें फिरत्या परिचारिका नेमण्याची पद्धत आहे. दर तीन महिन्यांनीं नवें गांव, नवें भाड्याचें घर, तीच बांधाबांध! त्यापेक्षां घरच बरोबर नेलें तर काय वाईट, असा हिशेब तिनें मांडला आणि २०२१ सालीं दोघांनीं एक वापरलेला ट्रेलर व तो ओढण्यास एक दणकट मोटार विकत घेतली.

मी गेलों तेव्हां तिचा एक करार संपून दुसरा सुरू व्हावयाचा होता व तीं दोघें ॲरिझोना संस्थानांतील क्वार्टझाइट नांवाच्या गांवाजवळ उतरलीं होतीं. फीनिक्स शहरापासून हें सुमारें २०० किलोमीटर. गांवची कायम वस्ती अडीच हजारांच्या आंत. पण थंडी पडली कीं उत्तरेकडून फिरत्या घरांची रीघ लागते आणि भोंवतालचें वाळवंट क्षितिजापर्यंत पांढऱ्या पेट्यांनीं भरून जातें. ही जमीन सरकारच्या भूमि-व्यवस्थापन खात्याची आहे. सामान्यतः अशा सरकारी जमिनीवर २८ दिवसांत १४ दिवसच राहतां येतें, मग उठावें लागतें. येथें मात्र १९८३ पासून दीर्घ मुक्कामाचीं क्षेत्रें राखलेलीं आहेत. मी गेलों त्या हंगामांत १८० डॉलर भरले कीं १५ सप्टेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत राहण्याची मुभा होती. आपल्याकडे परिव्राजकानें आठ महिने हिंडावें व चातुर्मासांत एके ठिकाणीं राहावें असा दंडक आहे. तिकडे पावसाळ्याच्या जागीं हिवाळा, एवढाच फरक मला दिसला.

घराची लांबी २६ फूट, रुंदी ८ फूट. म्हणजे आमच्या माजघराहून लहान. त्यांत निजावयाची जागा, न्हाणी, शौचकूप, चूल, शीतपेटी व दोघांचीं कामाचीं मेजें. जेवणाचें मेज रात्रीं खालीं बसविलें कीं त्याचाच माझा पलंग होई. पहिल्या दिवशीं मला कोंडल्यासारखें झालें. तिसऱ्या दिवसापासून माझ्या लक्षांत येऊं लागलें कीं येथें जागा थोडी असली तरी नियम फार आहेत, आणि मला वाटलें होतें तसें हें स्वैर जीवन मुळींच नव्हे.

प्रथम पाणी. टाकींत १९० लिटर मावतें. तीं दोघें त्यावर नऊ दिवस काढतात. मी मोठ्या काटकसरीनें एक बादली पाण्यांत स्नान करीत असें व मनांत थोडा अभिमानहि बाळगून होतों. नातवानें हंसत सांगितलें, "मामाआजोबा, तुमची बादली १५ लिटरांची. आमचें स्नान पांच-सहा लिटरांत होतें." अंग भिजवावयाचें, नळ बंद, साबण लावावयाचा, मग पुन्हां नळ. दुष्काळी मुलखांतल्या आपल्या आज्यांस हें शास्त्र ठाऊक होतें. घरांत नळ आला आणि आपण तें विसरलों.

दुसरी वीज. छपरावर सौर तक्ते व पलंगाखालीं बॅटऱ्या. त्यांत साठते ती वीज सुमारें पांच युनिटें. आपल्या घरीं येणाऱ्या बिलावर हीं युनिटें शेकड्यांनीं मोजतात. आभाळ आलें कीं आधीं कामाचीं यंत्रें, मग दिवे, मग बाकीचें. स्वयंपाक गॅसवर, आणि तो बहुतेक कुकरांत, कारण गॅसहि मोजकाच.

तिसरें वजन, आणि हें मला सर्वांत नवें वाटलें. किती किलो सामान भरावें ह्याची मर्यादा प्रत्येक गाडीवर लिहिलेली असते. ह्या गाडीची ५५० किलो. त्यांतले १९० पाण्यानेंच घेतले. उरलेल्या ३६० किलोंत दोन माणसांचा सगळा संसार बसवावयाचा. अक्कांनीं नातसुनेसाठीं पितळेची समई धाडली होती. ती मीं काढून दिली तेव्हां तिनें नमस्कार केला, मग कांटा आणून तिचें वजन केलें. अडीच किलो भरलें. मला तें खटकलें. परंतु थोड्या वेळानें ती बाहेर आली तेव्हां तिच्या हातांत बिडाचा जाड तवा होता. तो तिनें शेजारच्या गाडींतील बाईस देऊन टाकला. समई राहिली. देव एका संपुष्टांत आहेत. गाडी चालूं लागली कीं संपुष्टाचें झांकण लागतें, मुक्काम पडला कीं उघडतें.

चौथी गोष्ट लिहावी कीं न लिहावी असें मनांत आलें, पण लिहितों. सांडपाण्याच्या टाक्या दोन असतात. एकींत न्हाणीचें व भांड्यांचें पाणी, दुसरींत शौचकूपाचा मळ. त्या भरल्या म्हणजे गाडी ठराविक जागीं नेऊन, हातमोजे घालून, जाड नळी जोडून आपल्याच हातांनीं रिकाम्या कराव्या लागतात. नातू तें काम भांडीं विसळावींत इतक्या सहजपणें करीत होता. मी दूर उभा राहून नाकास उपरणें लावलें होतें. तेथें उभ्या उभ्या मला आमच्या जुन्या वाड्याचें मागचें दार आठवलें. त्या दारानें रोज पहाटे एक मनुष्य येई, आमची घाण डोक्यावरून नेई आणि त्याची सांवली अंगणांत पडूं नये म्हणून आम्ही जपत असूं. हें काम १९९३ च्या व २०१३ च्या कायद्यांनीं निषिद्ध झालें. पण त्या मनुष्याचें नांव आमच्या घरांत कोणासहि ठाऊक नव्हतें, हें कोणता कायदा पुसून टाकणार? आपला मळ आपण वाहावा हा धडा मला ६६ व्या वर्षीं एका वाळवंटांत मिळाला. दुसऱ्या वेळीं नळीचें एक टोंक मीं धरलें.

आतां पत्त्याविषयीं. कायद्यास अनिकेत मनुष्य चालत नाहीं. परवाना, विमा, मतदान, कर ह्या सर्वांस एक ठिकाण लागतें. म्हणून हे लोक टेक्सास, फ्लॉरिडा किंवा साउथ डकोटा ह्यांपैकीं एका संस्थानाचे रहिवासी म्हणून नोंद करतात. तेथें संस्थानाचा प्राप्तीवरील कर नाहीं व टपाल स्वीकारून पुढें धाडणाऱ्या संस्था आहेत. आमच्या नातवाचा पत्ता टेक्सासांतील लिव्हिंग्स्टन गांवचा आहे. त्या गांवीं तो वर्षाकाठीं एखादा दिवस जातो.

पैशाचा हिशेबहि त्यानें वही उघडून दाखविला. भाडें नाहीं, तरी इंधन, विमा, टायर व दुरुस्ती ह्यांत बरीच रक्कम जाते. शिवाय स्थिर घराची किंमत बहुधा वाढते. फिरत्या घराची दरसाल उतरते. तीन वर्षांत त्यांच्या गाडीनें आपली तिसऱ्या हिश्शाहून अधिक किंमत गमावली होती. तो म्हणाला, "ही ठेव नव्हे, हा खर्च आहे, हें आम्ही पहिल्या दिवसापासून धरून चाललों."

वाचकांनीं असें मात्र समजूं नये कीं त्या वाळवंटांतील सर्वच लोक असे वह्या ठेवून, हौसेनें राहणारे आहेत. २००८ च्या आर्थिक संकटांत घरें गमावलेले अनेक वृद्ध गाड्यांत राहूं लागले व ऋतूऋतूंस मजुरी करीत फिरूं लागले. कोणी छावण्यांची देखरेख करतो, कोणी शरदांत बीटच्या कापणीस उत्तरेस जातो. ह्यांच्यावर जेसिका ब्रूडर ह्या लेखिकेनें २०१७ सालीं 'नोमॅडलँड' हें पुस्तक लिहिलें. त्यावरील चित्रपटास २०२१ सालीं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर मिळालें. लॉस एंजेलिससारख्या शहरांत तर रस्त्याच्या कडेस मोडक्या गाड्यांत राहणारांची गणना बेघरांतच होते. तीच चाकें, तेंच छप्पर. परंतु एकानें घर सोडलें व दुसऱ्यास घरानें सोडलें. हा भेद विसरून ह्या जीवनाची स्तुति करणें अन्यायाचें होईल.

मुलेंहि पाहिलीं. शेजारच्या गाडींत आठ वर्षांचा एक मुलगा होता. आई त्यास घरींच, म्हणजे गाडींतच, शिकवी. मीं सवयीनें त्याची परीक्षा घेतली. गणित चोख. हातभर उंचीच्या निवडुंगाचें वय तो सांगे. कोलोराडो नदी कोठून कोठें जाते हें त्यानें वाळूंत काठीनें काढून दाखविलें, आणि त्यांतील निम्मी वाट त्यानें स्वतः पाहिली होती. "तुझा मित्र कोण?" असें विचारतांच मात्र तो थबकला. मग म्हणाला, "येथें कीं मागच्या गांवीं?" नकाशावर बोट ठेवून शिकविण्यांत मीं ३४ वर्षें घालविलीं, तो मुलगा नकाशावरून चालत होता. तरी त्याच्या ह्या प्रतिप्रश्नानें मी बेचैन झालों.

ह्या सर्वांपेक्षां मोठा प्रश्न माझ्या मनांत निराळाच होता. अक्कांच्या दुःखाचें मूळहि तेंच. २०२२ च्या ऑक्टोबरांत माझ्या भाच्यास, म्हणजे ह्या नातवाच्या वडिलांस, न्यू जर्सींत हृदयविकाराचा झटका आला. हीं दोघें तेव्हां यूटा संस्थानांतील एका दरींत होतीं. तेथें फोन लागत नव्हता. पुण्यास अक्कांना बातमी कळली, मला कळली, आणि पोटच्या मुलास ती १९ तासांनीं कळली. सुदैवानें भाचा वांचला. पण तीं १९ तास अक्का विसरल्या नाहींत.

ह्या मुलानें गाडीच्या दारावर देवनागरींत, चालत राहा अशा अर्थाचे वैदिक शब्द हौसेनें रंगविले आहेत. एका संध्याकाळीं शेकोटीपाशीं बसलों असतां मीं त्यास विचारलें, "हे शब्द कोठले, ठाऊक आहे?" त्यास इतकेंच ठाऊक होतें कीं ते फार जुने आहेत. मग मीं त्यास ऐतरेय ब्राह्मणांतील कथा सांगितली. हरिश्चंद्र राजानें आपला पुत्र रोहित वरुणास देण्याचें वचन दिलें होतें. रोहित अरण्यांत निघून गेला. तेव्हां वरुणानें राजास ग्रासलें व त्याचें उदर फुगलें. बाप आजारी आहे हें ऐकून रोहित परत येऊं लागला, तोंच इंद्र वाटेंत आडवा आला व हिंडत राहण्याचें माहात्म्य त्यास पुनःपुनः सांगून त्यानें त्यास माघारीं फिरविलें. "आज सारें जग तो उपदेश घोळून म्हणतें," मी म्हणालों, "पण तो उपदेश ऐकला जात असतां बाप घरीं अंथरुणावर होता, हें कोणी सांगत नाहीं."

नातू कांहीं बोलला नाहीं. उत्तर नातसुनेनें दिलें. ती म्हणाली, "मामाआजोबा, ते १९ तास आमची चूकच होती. त्यानंतर आम्हीं उपग्रहाची तबकडी घेतली, आणि जेथें ती चालत नाहीं तेथें एका रात्रीहून अधिक राहत नाहीं. पण बाबा घरीं आल्यावर काय झालें तें आजींस कोणीं सांगितलें का?"

मला ठाऊक नव्हतें. तिनें सांगितलें तें असें. बातमी कळतांच नातू विमानानें गेला. मागाहून तिनें एकटीनें मोटार हांकीत तें घर आठ दिवसांत न्यू जर्सीस नेलें. सासऱ्यांच्या घरापासून अर्ध्या तासावर एक छावणी होती, तेथें तें उभें केलें, आणि जवळच्याच रुग्णालयांत १३ आठवड्यांचा करार घेतला. सबंध हिवाळा तीं दोघें तेथें राहिलीं. पाण्याचे नळ गोठत, एकदां तर नळी फुटून गाडींत पाणीच पाणी झालें. तरी रोज दोघांपैकीं एक जण भाच्याजवळ असे. "आमचें कर्जाचें घर कॅलिफोर्नियांत असतें," ती म्हणाली, "तर रजा संपतांच आम्हांस परतावें लागलें असतें. मी रुग्णालयांत रोज पाहतें. कितीतरी म्हाताऱ्यांचे मुलगे त्याच शहरांत असतात. त्यांचीं घरें जमिनीस पक्कीं असतात, पण ते येत नाहींत."

मी निरुत्तर झालों, हें कबूल करण्यांत मला कमीपणा वाटत नाहीं. त्या रात्रीं मला बौधायन धर्मसूत्राची आठवण झाली. त्यांत शालीन, यायावर व चक्रचर अशीं नांवें येतात. शालेच्या, म्हणजे घराच्या आश्रयानें राहणारा तो शालीन, बाकीचे फिरते. चक्रचर शब्दांत चाकांची गाडी नाहीं, क्रमाक्रमानें हिंडणें आहे, हें विद्वान वाचक जाणतातच. पुढें भाषेंत 'शालीन' म्हणजे विनयशील असा अर्थ रूढ झाला. जणूं घरांत राहणाराच तेवढा सभ्य! आपण घरांत राहणारांनींच शब्दांचे अर्थ ठरविले, त्याचा हा परिणाम असावा. वास्तविक गृहस्थाचें लक्षण भिंत नव्हे. मोजून खर्च करणें, आपला भार दुसऱ्यावर न टाकणें व हांक आली असतां धांवून जाणें हें त्याचें लक्षण होय. तें ह्या दोघांत मला दिसलें.

तथापि कामगिरी मीं अगदींच टाकून दिली नाहीं. निघण्यापूर्वीं मीं दोघांस विचारलें, "चाकें एक दिवस थांबतील, तेव्हां काय?" त्या संघानेंहि हा प्रश्न ओळखला आहे. लिव्हिंग्स्टन येथें त्यांच्या प्रेरणेनें एक केंद्र चालतें. ज्यांस वार्धक्यामुळें वा आजारामुळें गाडी हांकवत नाहीं असे सभासद तेथें आपल्याच गाडींत राहतात व त्यांस जेवण व दिवसाची शुश्रूषा मिळते. म्हणजे जन्मभर हिंडणारांसहि शेवटीं एक वाडा बांधावा लागला, आणि तोहि एकत्र कुटुंबासारखा. नातवानें मला वचन असें दिलें नाहीं. एवढेंच सांगितलें कीं मूल झाल्यास तें शाळेच्या वयाचें होईपर्यंतच हें चालावयाचें. पुढें न्यू जर्सी कीं पुणें, तें अद्याप ठरलेलें नाहीं. त्या आठ वर्षांच्या मुलाचा प्रतिप्रश्न मीं त्यांस सांगितला. तो नातसुनेनें आपल्या वहींत लिहून घेतला.

ज्या घरांत असें एखादें तरुण जोडपें निघेल तेथल्या वडील मंडळीस माझी एवढीच विनंती आहे. "घर केव्हां घेणार?" हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवावा. त्याऐवजीं, रात्रीं-अपरात्रीं बोलवावें लागलें तर कोठें बोलवावयाचें, आजारपणांत कोण कोणाकडे जाणार, आणि हें कोठवर चालावयाचें, हे तीन प्रश्न विचारावे. ज्यांच्यापाशीं ह्यांचीं उत्तरें आहेत तीं मुलें वाट चुकलेलीं नव्हेत. आणि हे तीन प्रश्न स्थिर घरांत राहणाऱ्या मुलांसहि विचारून पाहावे. उत्तरें ऐकून कदाचित् नवल वाटेल.

पुण्यास परतल्यावर मीं अक्कांस सर्व वृत्तांत सांगितला. न्यू जर्सीच्या हिवाळ्याची हकीकत त्यांनीं दोनदां सांगावयास लावली. मग विचारलें, "समई लावतात का रे?" लावतात म्हणून मीं सांगितलें, वातीच्या जागीं कधीं कधीं विजेचा दिवा असतो, तें मात्र सांगितलें नाहीं. नंतर त्यांनीं आपली जुनी वही काढून लिव्हिंग्स्टनचा पत्ता मजकडून मोठ्या अक्षरांत लिहवून घेतला. पत्ता त्या गांवीं आणि मुलगा भलत्याच गांवीं, हें त्यांस अजून पटलेलें नाहीं. पत्रें मात्र त्या दर महिन्यास पाठवितात, आणि तीं पोहोंचतात.